आजोबांचं वेब्ली रिव्हॉल्वर ‘.३२’ करून घेता येतं का?

घरातलं जुनं लोखंडी कपाट उघडलं जातं. कापडात गुंडाळलेलं एक जड रिव्हॉल्वर निघतं, सोबत पिवळा पडलेला परवाना. मराठवाड्यात तो १९४८ पूर्वीचा असेल तर कागद उर्दूतही असू शकतो, कारण निजामाच्या राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. आजोबा फौजेत होते किंवा पोलिसात. नळीजवळ ‘वेब्ली’ असं कोरलेलं असतं आणि परवान्यावर बोअर लिहिलेला असतो .४५५ किंवा .३८०.

मग घरात कुणीतरी सुचवतं, “याची काडतुसं तर मिळत नाहीत. पॉइंट थर्टी टू करून घेऊ.”

छत्रपती संभाजीनगरात ही सूचना जरा जास्तच सोपी वाटते. वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग मायक्रॉनच्या हिशेबात कातणारे कारागीर आहेत. त्यांच्यासाठी एक नळी आणि एक सिलिंडर म्हणजे काय मोठं काम? पण हे काम लेथवर सुरू होत नाही, ते सुरू होतं कायद्याच्या पुस्तकात. आणि बहुतेकांच्या बाबतीत तिथेच संपतं.

.४५५ आणि .३८० मध्ये असं काय आहे?

भारतात खासगी शस्त्रांचा कारभार शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांवर चालतो. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत. त्यातल्या ‘एक-क’ वर्गात .३८० किंवा .४५५ची रिम असलेली काडतुसं, तसंच लष्करी ९ मिमी किंवा .४५ची रिम नसलेली काडतुसं ज्यात बसतात आणि झाडता येतात, अशी सगळी पिस्तुलं आणि रिव्हॉल्वर येतात. बोलीभाषेत यांना ‘प्रतिबंधित बोअर’ किंवा नुसतं ‘पीबी’ म्हणतात. उरलेली साधी रिव्हॉल्वर-पिस्तुलं ‘तीन-अ’ वर्गात, म्हणजे ‘एनपीबी’त. .३२ याच वर्गात येतो.

यामागचं तर्कशास्त्र सरळ आहे. सैन्य आणि पोलीस जी गोळी वापरतात ती नागरिकांच्या हत्यारात बसता कामा नये, म्हणजे सरकारी साठ्यातून गळती झाली तरी तिला बाहेर गिऱ्हाईक नसेल. गोळीच्या ताकदीचा इथे फारसा संबंध नाही. वेब्लीची .४५५ आता कुठल्याच सैन्यात नाही, तरी ती यादीत आहे.

परवाना कोण देतं, हेही यावरच ठरतं. एनपीबीसाठी संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्त, आणि आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर, म्हणजे कन्नड, वैजापूर, सिल्लोड, पैठण अशा भागांत जिल्हाधिकारी. पीबीची फाइल मात्र दिल्लीला केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते. म्हणूनच ‘बोअर बदलला की दिल्लीचा फेरा वाचेल’ हा विचार लोकांच्या डोक्यात येतो.

कलम ६ मधली नवी ओळ

२०१९ पर्यंत कलम ६ मध्ये दोनच गोष्टी होत्या: बंदुकीची नळी आखूड करणं आणि नकली हत्याराचं खरं हत्यार करणं. दोन्हींसाठी स्वतंत्र परवाना लागायचा. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्यात तिसरी गोष्ट घातली: शस्त्र नियमांतल्या एका वर्गातलं हत्यार दुसऱ्या वर्गात बदलणं.

.४५५चं .३२ करणं म्हणजे ‘एक-क’मधून ‘तीन-अ’मध्ये जाणं. कलमाच्या शब्दांत ते नेमकं बसतं.

परवान्याशिवाय हे केलं तर शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप, शिवाय दंड. ही शिक्षाही त्याच दुरुस्तीत वाढली. प्रतिबंधित हत्याराचं ‘अप्रतिबंधित’ केलं, म्हणजे धोका कमीच केला, असा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण कलमाला दिशेशी देणंघेणं नाही. वरून खाली असो की खालून वर, वर्ग बदलला की बदलला.

याशिवाय कलम ५ आहेच. हत्यार बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, बदलणं, या कामांचा धंदा करणाऱ्याकडे त्याचा परवाना असावा लागतो. वाळूजच्या वर्कशॉपकडे कितीही चांगलं मशीन असलं तरी हा कागद नसतो. त्यामुळे ‘ओळखीतल्याकडून करून घेऊ’ यात मालकाबरोबर तो ओळखीतलाही अडकतो.

आणि समजा कुणालाच कळलं नाही, तरी पुढची निवडणूक येते. आचारसंहितेच्या काळात परवानाधारकांची हत्यारं जमा करून घेतली जातात आणि जमा करताना नंबर, बोअर, मेक परवान्याशी ताडून पाहिलं जातं. कागदावर .४५५ आणि हातात .३२, याचं उत्तर ठाण्याच्या टेबलावर देणं अवघड आहे.

तांत्रिकदृष्ट्या तरी हे जमतं का?

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतो. .४५५ची गोळी साधारण ११.५ मिमी जाडीची आणि १७ ग्रॅम वजनाची. .३२ची गोळी ७.९ मिमी आणि सुमारे साडेसहा ग्रॅम. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. म्हणजे नळी आणि सिलिंडर दोन्ही नवी हवीत, नाहीतर आत अस्तर घालायला हवं. त्यानंतर प्रत्येक चेंबर नळीच्या रेषेत तंतोतंत यायला हवा. तो केसभर हलला तर गोळी नळीच्या तोंडाशी घासते आणि शिशाच्या चिळकांड्या बाजूला उडतात, कधी नेम धरणाऱ्याच्याच तोंडावर.

इतकं करून मूळ हत्यारातलं शिल्लक काय राहतं? सांगाडा, मूठ आणि खटका. किलोभराहून जड असं एक धूड, जे आता हलकी गोळी झाडतं.

परदेशात असे प्रयोग भरपूर झाले आणि त्यांचे अनुभव बोलके आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनची जुनी वेब्ली रिव्हॉल्वरं अमेरिकेत स्वस्तात विकली गेली. तिथे .४५५ काडतूस दुर्मिळ, पण .४५ एसीपी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणारं. मग हजारो रिव्हॉल्वरांच्या सिलिंडरची मागची बाजू घासून ती .४५ एसीपीसाठी करण्यात आली. काडतूस बसायचं, गोळीही सुटायची. गोम दाबात होती. .४५५चा दाब ठोकळमानाने प्रति चौरस इंच १३,००० पौंडांच्या घरात, तर .४५ एसीपीचा २१,००० पर्यंत. जुनं पोलाद हा भार रोज सोसण्यासाठी घडवलेलंच नव्हतं. अशा बदललेल्या वेब्लींची किंमत आज संग्राहकांमध्ये न बदललेल्यांपेक्षा कमी आहे.

दुसरा किस्सा स्मिथ अँड वेसनच्या ‘व्हिक्टरी मॉडेल’चा. युद्धकाळात ब्रिटनला ती .३८०मध्ये पुरवली गेली. नंतर व्यापाऱ्यांनी चेंबर लांब करून त्यात .३८ स्पेशल बसवलं. दोन्हींच्या नावात ‘अडतीस’, म्हणून गिऱ्हाइकाला फरक कळला नाही. प्रत्यक्षात .३८० काडतुसाची टोपी थोडी जाड आणि .३८ स्पेशलची बारीक. सैल चेंबरमध्ये पितळी टोप्या फुगायच्या, कधी उभ्या चिरायच्या. बोअरच्या नावावर विसंबू नये याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

खुद्द .३२मध्येही हा घोळ आहे. रिव्हॉल्वरचं .३२ (एस अँड डब्ल्यू लाँग) आणि पिस्तुलाचं .३२ (एसीपी) ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पहिल्याची टोपी २३ मिमी लांब, दुसऱ्याची १७ मिमी.

ज्यांनी हा बदल अधिकृतपणे केला

गंमत म्हणजे वेब्लीचं .३२ खरोखर झालेलं आहे, फक्त कपाटातल्या वेब्लीचं नाही. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीने नागरिकांसाठी जे .३२ रिव्हॉल्वर बाजारात आणलं, त्याचा आराखडा वेब्लीच्या मार्क फोर .३८ वरूनच घेतलेला आहे. तसंच नळी खाली झुकवून उघडणारं, तसंच सहा गोळ्यांचं. कायद्याने .३८० नागरिकांना बंद, म्हणून तेच यंत्र .३२च्या मापात नव्याने घडवलं गेलं. २०१४ मध्ये आलेलं टायटॅनियमचं ‘निर्भीक’ याच घराण्यातलं: वजन सुमारे ५०० ग्रॅम, बाजारात आलं तेव्हा किंमत १,२२,३६० रुपये. त्यासाठी लागणारी .३२ काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. काडतुसाच्या बुडावरचं ‘केएफ’ म्हणजे किर्की फॅक्टरी.

म्हणजे ज्याला वेब्लीच्या घाटाचं, सहज काडतूस मिळणारं, कागदोपत्री स्वच्छ रिव्हॉल्वर हवं आहे, त्याच्यासाठी ते तयार मिळतं. परवाना मंजूर व्हायला हवा, हा भाग वेगळा.

मग आजोबांच्या रिव्हॉल्वरचं करायचं काय?

पहिली गोष्ट म्हणजे ते घरात ठेवून विचार करत बसायचं नाही. परवानाधारक वारला की हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते. ‘तेरावं झाल्यावर बघू’ म्हणता म्हणता वर्ष निघून जातं, आणि तोवर घरात विनापरवाना हत्यार पडून असतं. प्रतिबंधित बोअर असेल तर विनापरवाना बाळगण्याची शिक्षा सात ते चौदा वर्षं आहे.

वारसाला स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो. त्यासाठी मृत्यूचीच वाट पाहावी लागते असंही नाही. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असेल, तर हयातीतच वारसाकडे हस्तांतर मागण्याची सोय शस्त्र नियमांच्या नियम २५ मध्ये आहे. पीबी असेल तर निर्णय केंद्राचा, आणि वेळ लागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाहक्काने आलेली धरूनही. ज्याच्याकडे पिकाच्या राखणीची बारा बोअर आणि एक रिव्हॉल्वर आधीच आहे, त्याच्यासाठी आजोबांचं वेब्ली तिसरं ठरतं.

परवाना नकोच असेल तर हत्यार सरकारजमा करता येतं किंवा योग्य परवाना असलेल्या व्यक्तीला रीतसर हस्तांतरित करता येतं. १९८०च्या दशकात नागरी आयातीवर निर्बंध आल्यापासून जुन्या परदेशी हत्यारांना भारतात भाव आहे, पण तो एनपीबीला. पीबीला घेणारे मोजकेच. कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून महत्त्वाच्या हत्यारांना सूट आहे, मात्र ती दुरुस्ती करूनही चालू शकणार नाहीत अशी असली तरच. चालू स्थितीतलं वेब्ली त्यात बसत नाही.

तरीही एखाद्याला बोअर बदलण्याची परवानगीच मागायची असेल, तर क्रम असा: आधी हत्यार जमा, मग वारसाचा अर्ज, त्याच अर्जासोबत कलम ६खालची परवानगी, आणि ती हातात आल्यावरच परवानाधारक कारागीर. शहरातल्या अर्जदाराचा पहिला कागद मिल कॉर्नरच्या पोलीस आयुक्तालयात पडतो. लेथचा नंबर या रांगेत सगळ्यात शेवटी लागतो.