बास गिटारमधील हाय-पास फिल्टर

हाय-पास फिल्टर म्हणजे ठरावीक वारंवारतेच्या वरचा ध्वनिसंकेत पुढे जाऊ देणारा आणि तिच्याखालील संकेत क्षीण करणारा विद्युत परिपथ होय. बास गिटार हे मंद्र स्वरांचे वाद्य असल्याने त्याच्या संकेतातील खालचा भाग कमी करणे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. प्रत्यक्षात योग्य जागी लावलेल्या या फिल्टरमुळे वाद्याचा स्वर अधिक स्पष्ट होतो आणि लाउडस्पीकरवरील ताण कमी होतो.

कार्यपद्धती

ज्या वारंवारतेला संकेताची पातळी ३ डेसिबेलने घटते, तिला छेद वारंवारता म्हणतात. तिच्याखाली संकेत किती वेगाने घटतो हे फिल्टरच्या उतारावरून कळते. प्रथम कोटीच्या फिल्टरचा उतार प्रतिसप्तक ६ डेसिबेल असतो व प्रत्येक वाढत्या कोटीबरोबर त्यात ६ डेसिबेलची भर पडते. एक धारित्र आणि एक रोध एवढ्यावर प्रथम कोटीचा फिल्टर तयार होतो. त्याची छेद वारंवारता १ ÷ (२π × रोध × धारिता) या सूत्राने काढतात.

अ‍ॅम्प्लिफायरवरील 'बास' नियंत्रणापेक्षा हा फिल्टर वेगळा आहे. ते नियंत्रण सामान्यतः खालचा विस्तृत पट्टा साधारण एकाच प्रमाणात वाढवते अथवा घटवते. फिल्टरची घट मात्र छेद वारंवारतेपासून खाली जाताना वाढत जाते.

उपयोगाची कारणे

प्रचलित जुळणीत चार तारांच्या बास गिटारचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, तर पाच तारांच्या वाद्यात तो सुमारे ३१ हर्ट्झचा असतो. त्याखाली संगीतोपयोगी स्वर नसतो. तरीही तार छेडताना, तळहाताने दाबताना किंवा बोटे सरकवताना तेथे धक्क्यासारखे संकेत निर्माण होतात. ते फारसे ऐकू येत नाहीत, पण अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती खर्च करतात.

ध्वनिदाब तेवढाच ठेवून वारंवारता निम्मी केली, तर लाउडस्पीकरच्या शंकूला चौपट अंतर हलावे लागते. पोर्ट असलेल्या कॅबिनेटमध्ये पोर्टच्या जुळणीखालील वारंवारतांना आतील हवेचा आधार सुटतो आणि शंकूची हालचाल झपाट्याने वाढते. त्यातून ध्वनी विकृत होतो व लाउडस्पीकर निकामीही होऊ शकतो.

स्वराची उंची ओळखण्यासाठी कान केवळ मूल वारंवारतेवर अवलंबून नसतो. ८२, १२४ व १६५ हर्ट्झचे उपस्वर ऐकू आले की मूळ ४१ हर्ट्झचा घटक क्षीण असूनही तोच स्वर जाणवतो. त्यामुळे खालचा भाग काहीसा कमी झाला तरी स्वर हरवत नाही.

वाद्यातील परिपथ

काही वाद्यांत हा फिल्टर मूळ रचनेतच असतो. रिकनबॅकर ४००१ या बास गिटारमध्ये ब्रिजजवळच्या पिकअपला ४.७ नॅनोफॅरडचे धारित्र अनेक वर्षे एकसरीत जोडले जात असे. परिणामी रोध १०० किलोओहम धरल्यास छेद वारंवारता सुमारे ३४० हर्ट्झ येते. या पिकअपचा पातळ, धारदार ध्वनी दुसऱ्या पिकअपच्या भरदार ध्वनीत मिसळला जातो. लिओ फेंडर यांनी रचलेल्या जी अँड एल एल-२००० या वाद्यात बॅटरीविना चालणारे बास-घट नियंत्रण आहे. त्याद्वारे वादकाला खालचा भाग हवा तेवढा कमी करता येतो.

ध्वनिवर्धन आणि ध्वनिमुद्रण

रंगमंचावर व ध्वनिमुद्रणात छेद वारंवारता सामान्यतः ३० ते ४० हर्ट्झच्या आसपास ठेवतात. ३० हर्ट्झवर प्रतिसप्तक २४ डेसिबेल उताराचा बटरवर्थ फिल्टर लावल्यास ४१ हर्ट्झचा स्वर अर्ध्या डेसिबेलपेक्षाही कमी घटतो, मात्र १५ हर्ट्झचा संकेत सुमारे २४ डेसिबेलने खाली येतो. घुमणाऱ्या सभागृहात किंवा बास ड्रमला जागा करून देण्यासाठी छेद वारंवारता याहून वर नेली जाते.

अनेक मिक्सरवरील फिल्टरची छेद वारंवारता ८० ते १०० हर्ट्झवर कायम केलेली असते. तो प्रामुख्याने गायनाच्या मायक्रोफोनसाठी उपयोगी ठरतो. ८० हर्ट्झचा, प्रतिसप्तक १२ डेसिबेल उताराचा असा फिल्टर बास गिटारवर लावल्यास सर्वांत खालचा स्वर सुमारे १२ डेसिबेलने घटतो.

विकृत ध्वनी वापरताना काही वादक संकेताचे दोन भाग करतात. हाय-पास फिल्टरमधून गेलेला वरचा भाग विकृत केला जातो व खालचा भाग स्वच्छ ठेवला जातो. त्यामुळे ध्वनीला धार येते आणि त्याचा पायाही टिकतो.

मर्यादा

फिल्टर संकेताची कलाही बदलतो. उतार जितका तीव्र, तितका हा बदल छेद वारंवारतेजवळ अधिक असतो. थेट घेतलेला संकेत आणि मायक्रोफोनचा संकेत एकत्र करताना फिल्टर एकावरच लावला, तर काही वारंवारता परस्परांना क्षीण करू शकतात. छोट्या लाउडस्पीकरवर ऐकताना खालचा भाग मुळातच ऐकू येत नसल्याने, छेद वारंवारता गरजेपेक्षा वर गेली तरी ते लक्षात येत नाही. म्हणून अंतिम निवड खालच्या वारंवारता नीट ऐकवणाऱ्या लाउडस्पीकरवर आणि इतर वाद्यांसह ऐकून करणे इष्ट ठरते.