टेट्रिस : ठोकळे रशियाचे, कमाई भलत्यांचीच

नव्वदीच्या दशकात जत्रेत, हातगाडीवर मिळणारा तो चिनी 'ब्रिक गेम' आठवतोय? वरून ठोकळे पडणार, फिरवून बसवायचे, आडवी ओळ भरली की गायब. त्यातला मुख्य खेळ मुळात मॉस्कोचा. नाव टेट्रिस.

साल 1984. अलेक्सी पाजितनोव हा सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रातला पगारी संशोधक. समोर 'इलेक्ट्रॉनिका 60' नावाचं मशीन. त्यावर चित्र काढायची सोयच नाही, नुसती अक्षरं उमटायची. मग गड्यानं कंसाच्या चिन्हांचे चौकोन केले. चार-चार चौकोनांचे सात आकार, झाला खेळ तयार! पुढे वादिम गेरासिमोव या सोळा वर्षांच्या पोरानं तो आयबीएम पीसीवर आणायला मदत केली. मग काय, फ्लॉपीवरून फ्लॉपीवर, फुकटात, सगळीकडे.

खरी गंमत पुढे आहे. लंडनचा व्यापारी रॉबर्ट स्टाइन यानं हंगेरीत हा खेळ पाहिला आणि मॉस्कोशी पक्का करार व्हायच्या आधीच पुढे विकला. त्यानं एकाला, एकानं दुसऱ्याला, असं करत खेळ जपान-अमेरिकेत टीव्हीला जोडायच्या गेमपर्यंत पोचला. मूळ मालकाला पत्ताच नाही.

फेब्रुवारी 1989 मध्ये हेंक रॉजर्स हा गेमवाला पर्यटक व्हिसावर मॉस्कोत आला. त्यानं सरकारी निर्यात संस्था 'एलोर्ग'च्या निकोलाय बेलिकोव्हना टीव्ही गेमची कॅसेट दाखवली. साहेब चक्रावले. हे हक्क आम्ही कुणाला दिलेच नाहीत!

बेलिकोव्हनी मग स्टाइनसमोर सुधारित करार ठेवला. त्यात उशिरा पैसे भरल्याचा दंड ठळक होता. स्टाइनचं लक्ष तिकडेच. शेजारी 'कॉम्प्युटर'ची व्याख्या होती : प्रोसेसर, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह, कीबोर्ड, ऑपरेटिंग सिस्टिम. त्यानं सही केली. टीव्ही गेम या व्याख्येत बसत नाही, म्हणजे ते हक्क त्याच्याकडे नाहीतच! ते गेले निन्टेन्डोकडे. अमेरिकेतल्या कोर्टानंही त्याच वर्षी निन्टेन्डोची बाजू उचलून धरली आणि अटारीच्या टेंजेनला आपल्या कॅसेट बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. निन्टेन्डोच्या गेम बॉयवर टेट्रिसच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

आणि पाजितनोव? त्यानं हक्क दहा वर्षांसाठी सरकारी संस्थेला देऊन टाकले होते. या कोट्यवधी प्रतींतून त्याला रॉयल्टी शून्य. 1991 मध्ये तो अमेरिकेत गेला. त्याच वर्षाअखेर सोव्हिएत संघच उरला नाही. 1996 मध्ये हक्क परत आले, रॉजर्सबरोबर कंपनी काढली, तेव्हा कुठे रॉयल्टी सुरू झाली.

'कम्युनिस्ट देशात असंच चालायचं' म्हणून हसू नका. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 बघा. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, साधारणपणे नोकरी देणाराच. तेव्हा सॉफ्टवेअर, डिझाइन, लेखन करणाऱ्या पोरापोरींनो, सही करण्याआधी पगाराच्या आकड्याबरोबर व्याख्यांचं पानही वाचा. स्टाइननं तेवढंच वाचलं नव्हतं.