घानाचा कोको

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ज्या भूभागास इंग्रज ‘गोल्ड कोस्ट’ म्हणत, त्याचें भाग्य विसाव्या शतकांत सोन्यापेक्षां एका झाडाच्या फळानें उजळलें. तें झाड कोकोचें; चॉकलेट होतें तें त्याच्याच बियांचें. मूळ अमेरिकेंतील हें झाड मिशनऱ्यांनीं येथें लावून पाहिलें होतें, पण त्यांस यश आलें नाहीं. तेट्टे क्वार्शी नांवाचा एक लोहार फर्नांडो पो बेटावर कामास गेला होता. त्यानें परततांना बीं आणलें व १८७९ च्या सुमारास माम्पाँग येथें लाविलें. पुढें त्या डोंगराळ प्रांतांतील शेतकऱ्यांनीं पैसे एकत्र करून शेजारच्या सरदारांकडून रानें विकत घेतलीं, तीं तोडलीं आणि केळीच्या सावलींत कोकोचीं रोपें वाढविलीं. गोरे मळेवाले नाहींत, मोठें भांडवल नाहीं. असें असतां १९११ सालीं हा लहानसा देश कोकोच्या पिकांत जगांत पहिला ठरला. आफ्रिकन मनुष्याच्या अंगीं उद्योग नाहीं असें म्हणणारांस ही हकीकत बहुधा ठाऊक नसावी.

पिकविणारा एक आणि भाव ठरविणारा दुसरा, हें दुखणें मात्र प्रथमपासूनचें. १९३७ मध्यें युरोपियन कंपन्यांनीं आपसांत करार करून खरेदींतील चढाओढच बंद केली. तेव्हां शेतकऱ्यांनीं कोको विकावयाचें नाकारलें व विलायती मालावरहि बहिष्कार घातला. ही कोंडी १९३८ च्या एप्रिलपर्यंत टिकली. महायुद्धांत सरकार स्वतःच खरेदीदार झालें आणि १९४७ सालीं कोको मार्केटिंग बोर्ड निघालें. तेजींत शेतकऱ्यास कमी भाव देऊन शिल्लक राखावी व मंदींत ती त्यालाच द्यावी, असा हेतु सांगण्यांत आला. शिल्लक भरपूर सांठली. परत फारच थोडी गेली.

६ मार्च १९५७ रोजीं देश स्वतंत्र झाला व त्यानें घाना हें नांव घेतलें. पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांना शाळा, रस्ते, कारखाने सारें त्वरित हवें होतें, आणि पैसा होता तो कोकोचाच. त्यांची घाई समजण्यासारखी होती. पण तिचा भार शेतकऱ्यावर पडला. १९६५ मध्यें अकोसोम्बोचें धरण पुरें झालें, त्याच वर्षीं जगाच्या बाजारांत कोकोचा भाव कोसळला. पुढच्या फेब्रुवारींत लष्करानें सत्ता घेतली.

त्यानंतर सरकारें बदललीं, पण बोर्डाची रीत बदलली नाहीं. सेडी या नाण्याची किंमत घसरत गेली, तसा शेतकरी आपलीं पोतीं सरहद्दीपलीकडे आयव्हरी कोस्टमध्यें चोरून नेऊं लागला. जुन्या झाडांच्या जागीं नवीं लावावयास कोणी तयार होईना. १९६४-६५ मध्यें साडेपांच लाख टनांवर गेलेलें पीक, १९८३ च्या अवर्षणानें व वणव्यांनीं रानें होरपळल्यावर, दीड लाखाच्या आसपास आलें. त्याच वर्षीं रॉलिंग्स यांच्या सरकारानें नाइलाजानें शेतकऱ्याचा भाव वाढविण्यास आरंभ केला. जळालेल्या जमिनींवर पुन्हां केळी उभ्या राहिल्या, त्यांच्या सावलींत रोपें लागलीं, आणि २०१०-११ च्या हंगामांत पीक दहा लाख टनांवर गेलें.