स्मरण आणि सूचन : पासोडीच्या निमित्ताने

अल्पाक्षरी रचनेस ‘सूचक’ म्हणण्याची सवय मराठी समीक्षेला जडली आहे. तिच्यामुळे स्मरणसाधन आणि सूचन या दोन भिन्न व्यापारांतील सीमारेषा पुसली जाते आणि प्राचीन वाङ्मयाविषयीचे आपले निर्णय चुकतात. (‘सूचना’ हा शब्द आज आज्ञा वा निवेदन या अर्थी रूढ झाल्याने येथे ‘सूचन’ हा शब्द योजला आहे.)

उपरण्याला मारलेली गाठ काही सांगत नाही. ती ज्याने मारली त्यालाच तिचा अर्थ ठाऊक असतो. स्मरणसाधनाला असे पूर्वज्ञान गृहीत धरावे लागते. त्याचा अर्थ त्याच्याबाहेर, आधीच सिद्ध असतो. सूचनाचे तसे नाही. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ज्या ध्वनीची मीमांसा केली, तो वाच्यार्थाच्या आधारे सहृदयाला प्रथमच प्रतीत होतो. स्मरण बरोबर की चूक हे मूळाशी ताडून पाहता येते. सूचितार्थाला ताडून पाहण्याजोगे असे वेगळे मूळ नसते.

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांची ‘पासोडी’ या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय ओव्या आणि आकृत्या यांच्या साहाय्याने मांडला. पंचीकरणाची प्रक्रिया अशी : प्रत्येक महाभूताचे दोन भाग करावयाचे, एक अर्धा तसाच ठेवून दुसऱ्या अर्ध्याचे चार भाग करावयाचे आणि ते इतर चार भूतांत मिसळावयाचे. अशा रीतीने प्रत्येक स्थूल भूतात स्वतःचा अर्धा आणि इतर चारांचा प्रत्येकी एक अष्टमांश अंश येतो. पाच भूतांचे परस्परसंबंध मांडले की पंचवीस तत्त्वांचा कोठा तयार होतो. निरूपण ऐकलेल्या साधकाला असा कोठा पाहताच सारा विषय आठवतो. ज्याने ते ऐकलेले नाही, त्याला केवळ नावे दिसतात. या आकृत्यांना ‘दृश्य काव्य’ म्हणून गौरविणारा वाचक त्यांचे कार्यच नजरेआड करतो.

तथापि पासोडी हे निव्वळ स्मरणसाधन नव्हे. तिच्यातील ओव्या विषय सांगतात. आणि मिश्रणाचा नियम एकदा कळला की एखाद्या घरातील तत्त्वाची घडण त्याच्या स्थानावरून काढता येते. हे स्मरण नव्हे, सूचनही नव्हे. हे अनुमान आहे. न्यायसूत्राच्या तिसऱ्या अध्यायात स्मृतीच्या निमित्तांची जी यादी आहे, तिच्यात ‘लिंग’ही येते आणि तेच लिंग अनुमानाचेही साधन आहे. म्हणजे चिन्ह एकच असले तरी पाहणाऱ्याजवळ काय आहे यावर त्याचा व्यापार ठरतो.

येथे इतिहासाचा प्रश्न उपस्थित होतो. ऐकणाऱ्यांची परंपरा खंडित झाली की काल जे स्मरणसाधन होते ते आज सूचन भासू लागते. महानुभाव पंथातील ‘सूत्रपाठ’ हे याचे ठळक उदाहरण होय. केसोबासांनी संकलित केलेली चक्रधरांची वचने प्रसंगापासून सुटी झालेली आहेत. ज्यांनी तो प्रसंग अनुभवला होता त्यांना एक वचन पुरेसे होते. पुढील पिढ्यांपाशी ते पूर्वज्ञान नव्हते. म्हणून कोणते वचन कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ पंथाला सिद्ध करावे लागले. पंथीयांना सूत्रांतून नवनवे अर्थ काढावयाचे नव्हते, हरवलेला प्रसंग परत मिळवावयाचा होता. सूत्र हे स्मरणसाधन आहे याची जाण त्यांना होती, असे यावरून म्हणता येईल.

आधुनिक वाचकाने सूत्राची काव्यात्मता अनुभवू नये, असा याचा अर्थ नव्हे. ती अनुभवताना ती आपल्या अज्ञानातून उपजली आहे की रचनेतून, एवढा विवेक मात्र त्याने करावा. मूळ श्रोत्यालाही जे प्रथमच उमगत होते, ते सूचन. त्याला जे केवळ आठवत होते आणि आपल्याला गूढ वाटते, ते आपल्या दृष्टीने हरवलेले ज्ञान होय. पहिल्याची चर्चा काव्यशास्त्राने करावी. दुसऱ्यासाठी हस्तलिखिते, टीकापरंपरा आणि पाठांतराची पद्धती यांच्याकडेच वळावे लागेल.