खर्जाची तार : तंबोरा, मिरज आणि माळव्यातील हौशी मराठी घरे

माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास लिहिताना सनदा, वतने, वाडे आणि देवस्थाने यांची नोंद आवर्जून केली जाते. महाकालेश्वराच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला की राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. परंतु याच घरांच्या दिवाणखान्यात, भिंतीच्या कोपऱ्यात गवसणी घालून उभ्या असलेल्या एका वाद्याची नोंद सहसा कोणी घेत नाही. ते वाद्य म्हणजे तंबोरा. घरात कोणी मोठा गवई झालेला नसला तरी तंबोरा मात्र असे. तो कोठून येई, कसा निवडला जाई, बिघडल्यास कोण दुरुस्त करी आणि त्यातील खर्जाच्या एका तारेसाठी हौशी मंडळी एवढा जीव का टाकीत, याचा थोडा मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनहून आपले ठाणे ग्वाल्हेरच्या लष्करात हलविले आणि राजाश्रयाबरोबर गवयांचाही ओढा तिकडे वाढला. हस्सूखाँ-हद्दूखाँ यांच्या ख्यालगायकीची विद्या ग्वाल्हेरचे वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे आली. त्यांच्यापासून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी (१८४९-१९२६) आत्मसात केली आणि दक्षिणेत नेली. मिरजेस बुवांजवळ शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, हे सर्वश्रुतच आहे. म्हणजे ग्वाल्हेरचे गाणे मिरजेस गेले. आणि मिरजेचा तंबोरा माळव्यात आला. ही देवाणघेवाण कोणत्याही तहनाम्यात लिहिलेली नाही. ती टिकविली ती मुख्यतः हौशी माणसांनी.

मिरजेच्या तंबोऱ्याची कथा रंजक आहे. तेथील कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांची मागणी ओसरली. तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या आप्तांनी पटवर्धन संस्थानिकांच्या उत्तेजनाने वाद्यांच्या दुरुस्तीत व पुढे निर्मितीत हात घातला, अशी तेथील परंपरा सांगते. हत्याराला धार लावणारी बोटे घोडीवर कानस चालवू लागली. दुरुस्तीतून निर्मितीकडे झालेला हा प्रवास लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण मोडलेले वाद्य उघडून पाहिल्याशिवाय चांगले वाद्य घडविता येत नाही. पुढे अब्दुल करीमखाँसाहेब (१८७२-१९३७) मिरजेस येऊन राहिले. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात होते. गायकाचा कान आणि कारागिराचा हात एकाच गावी नांदू लागल्याने मिरजेच्या वाद्याला जो लौकिक मिळाला तो आजतागायत आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले.

या वाद्याचे शरीर शेतात वाढते, ही गोष्ट नव्या पिढीस ठाऊक असेलच असे नाही. पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकणारे मोठे, कडू, जाड सालीचे भोपळे वेलीवरच पक्व होऊ देतात, मग वाळवितात व पोखरतात. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची करतात. दक्षिणेकडील तंजावरी तंबुऱ्याचा भोपळा मात्र फणसाच्या लाकडातून कोरलेला असतो. भोसल्यांच्या राज्यामुळे तंजावरही आपल्यासारख्याच देशांतर केलेल्या मराठी घरांचे गाव झाले. एका मराठी वसाहतीत लाकडाचा तंबुरा आणि दुसरीत भोपळ्याचा, असा हा योग आहे.

तंबोरा निवडण्याची जुनी रीत अशी होती. प्रथम गळा पाहावयाचा. पुरुषाचा षड्ज साधारण पांढरी एक ते काळी दोन या पट्टीत असतो, स्त्रियांचा पांढरी पाच ते काळी पाच या पट्टीत. त्यानुसार पुरुषी तंबोरा मोठ्या भोपळ्याचा व लांब दांडीचा, तर बायकी तंबोरा आटोपशीर. घरात एकच वाद्य परवडत असेल तर वडिलांच्या गळ्याचे घ्यावे की मुलीच्या, यावर घरोघरी वाद होत. बायकी तंबोऱ्याला जाड तार चढवून पुरुषी पट्टी गाठण्याचा प्रयत्न काही हौशी मंडळी करीत. तार सैल पडून खर्ज फडफडे. भोपळा जाड सालीचा व सुडौल आहे का, दांडीला बाक आलेला नाही ना, भोपळा व दांडी यांच्या सांध्यात फट नाही ना, खुंट्या घट्ट बसतात की घसरतात, हे नंतर पाहावयाचे. नक्षी शेवटी. परंतु खरेदीस गेलेल्या माणसाचे डोळे कानांच्या आधी धावतात, आणि वेलबुट्टीच्या तंबोऱ्यास जास्त दाम मोजून मुका भोपळा घरी आणल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत.

खरी परीक्षा खर्जाची. चार तारांपैकी पहिली पंचमाची असते. मालकंसासारख्या रागास ती मध्यमावर, तर पूरिया-मारव्यास निषादावर लावतात. मधल्या दोन पोलादी तारा जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची जाड पितळी तार मंद्र षड्जाची. हीच खर्जाची तार होय. काळी एकचा षड्ज सेकंदास सुमारे १३९ कंपनांचा धरला तर हा खर्ज सुमारे ६९ कंपनांचा येतो. पाश्चात्य वाद्यवृंदात हेच काम बास नावाची वाद्ये करतात. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये विजेवर चालणारी बास गिटार बाजारात आणली. तिच्या मधल्या दोन तारा ५५ व ७३ कंपनांच्या असतात आणि आपला खर्ज नेमका त्यांच्या दरम्यान बसतो. फरक इतकाच की बास वाजविणारा स्वर बदलीत जातो आणि आपला खर्ज जागचा हलत नाही. खालचा स्वर भक्कम असल्याखेरीज वरचे गाणे उभे राहत नाही, हे मात्र दोन्हीकडे सारखेच.

हा खर्ज नुसता खालचा स्वर नव्हे. नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो. त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचा तो स्वरांश असतो. तो इतका स्पष्ट का ऐकू यावा, याचे उत्तर घोडीच्या पृष्ठभागात आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात याचे विवेचन केले. तार जेथे छेडावी, तेथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू असेल तो स्वरांश ऐकू येऊ नये, असा पाश्चात्य विज्ञानाचा नियम होता. तंबोऱ्याची रुंद, किंचित उतरती घोडी आणि तारेखाली सरकविलेला सुती वा रेशमी धागा यांच्यामुळे तो नियम येथे लागू पडत नाही, असे रामन यांनी दाखवून दिले. मिरजेच्या कारागिरास हा नियम ठाऊक नव्हता. परंतु तो मोडावा कसा, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. जवारी काढणे म्हणतात ते हेच.

येथे एका सेवानिवृत्त अधिकाऱ्याची आठवण करणे आम्हांस विशेष अगत्याचे वाटते. कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर. निवृत्तीनंतर त्यांनी तारांची लांबी मोजून बावीस श्रुतींचा शोध घेण्यात आयुष्य वेचले व १९१० मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या गळ्याचे त्यांना साह्य झाले आणि सनदी सेवेतील ई. क्लेमेंट्स यांची साथ मिळाली. त्यातून श्रुतींची संवादिनी घडविण्याचाही प्रयत्न झाला. त्यांच्या निष्कर्षांविषयी विद्वानांत पुढे मतभेद झाले. तरीही कचेरीतून मोकळा झालेला एक हौशी माणूस वाद्य हाती घेऊन किती खोल जाऊ शकतो, याचा हा नमुना होय.

हौशी माणसास एक व्याधी जडते. असलेल्या वाद्यापेक्षा अधिक चांगले वाद्य हवेसे वाटण्याची. साध्या खुंट्यांच्या जागी कोरीव खुंट्या, साध्या मण्यांच्या जागी हंसाच्या आकाराचे मणी, हाडाच्या घोडीच्या जागी हस्तिदंती घोडी, असा हा क्रम चाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व पुढील दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि हाड, शिसवी वा कृत्रिम द्रव्याच्या घोड्या रूढ झाल्या. त्याने आवाज बिघडला असे मानणारे आहेत; आमच्या मते घोडीच्या द्रव्यापेक्षा तिच्यावर चाललेल्या हाताला अधिक महत्त्व आहे. ज्या बदलाने खरोखर गुण येतो तो सर्वांत स्वस्त आहे. जुन्या, गंजलेल्या तारा काढून नव्या चढवाव्यात; पोलादी तार जर्मनीतील रोस्लाऊ या गावच्या नावाने ओळखली जाणारी मिळाल्यास उत्तम. पेटीवाल्यांतही हाच ध्यास दिसे. एका सुरांची पेटी टाकून खर्ज-नर अशा दुहेरी सुरांची पेटी घेणे म्हणजे बढती मिळाल्यासारखे वाटे. माळव्यास पेटीचे वेड लावणाऱ्यांत ग्वाल्हेरच्या राजघराण्याशी नाते असलेले भैया गणपतराव अग्रगण्य होत. त्यांनी ठुमरीत संवादिनीस मानाचे स्थान मिळवून दिले.

आता दुरुस्तीकडे वळू. माळव्याचे हवामान तंबोऱ्यास मानवत नाही. वैशाखाच्या कोरड्या उन्हात सांधे उकलतात, आषाढात खुंट्या फुगून अडकतात. म्हणून जुन्या घरांत तंबोरा बाहेरच्या भिंतीस टेकून ठेवीत नसत; उन्हाळ्यात तारा उतरवून ठेवीत आणि खुंटी घसरू लागली तर तिला खडू लावीत. आमच्या नोकरीत बदल्या ठरलेल्या. एका बदलीत सामान वाहून नेणाऱ्यांनी तंबोऱ्यावर ट्रंक ठेवली आणि भोपळ्यास वीतभर तडा गेला. एका कसबी माणसाने आतून सरसात भिजविलेली कापडाची पट्टी चिकटवून, वरून लाकडाचा भुसा व सरस भरून, लाखेचा हात फिरवून तो सांधला. त्यानंतर आवाजात उणेपणा आला नाही. भोपळ्याचा तडा हे मरण नव्हे, हे आम्ही त्या वेळी जाणले. दांडीस पीळ पडणे हे मात्र कठीण दुखणे.

जवारीचे काम याहून नाजूक. कानशीचे दोन हात जास्त बसले तर घोडी बसते आणि आवाज बंद होतो; कमी बसले तर आवाज झणझणीत, कर्कश राहतो. हे काम पुस्तक वाचून येत नाही. कारागीर घासतो, तार चढवितो, ऐकतो, पुन्हा उतरवितो. समोर ऐकणारा जाणता असेल तरच त्याला कोठे थांबावे हे कळते. देवासला १९४८ पासून वास्तव्यास असलेले कुमार गंधर्व तंबोरे जुळविण्याच्या बाबतीत किती काटेकोर होते, हे त्यांच्या मैफली ऐकलेल्यांस सांगणे न लगे. गाणे सुरू होण्यापूर्वीच तंबोऱ्यांनी सभागृह भरून टाकलेले असे. असे ऐकणारे जवळपास असत तोवर माळव्यातील हौशी घरांनाही चांगल्या जवारीची चाड होती.

त्याच १९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि राजाश्रय संपला. त्यानंतर वाद्य विकत घेणारा, दर दोन-चार वर्षांनी त्याची जवारी काढून घेणारा, कारागिराला प्रवासखर्च देऊन बोलाविणारा आश्रयदाता उरला तो नोकरदार, शिक्षक, वकील, मास्तरीणबाई, म्हणजे आपल्यासारखे लोक. मैफलीच्या इतिहासात त्यांची नावे नाहीत. पण कारागिराची चूल बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे पेटत राहिली.

१९७९ मध्ये बंगळूरचे जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा सिद्ध केला आणि पुढे तोच आवाज भ्रमणध्वनीत आला. आम्ही त्याची निंदा करणार नाही. प्रवासात, लहान सदनिकेत, एकट्याने रियाज करणाऱ्यास ती मोठी सोय आहे आणि तिचा षड्ज ढळत नाही. परंतु ढळत नाही म्हणूनच तो लावावा लागत नाही, आणि लावावा लागत नाही म्हणून कान तयार होत नाही. खर्ज किंचित उतरला आहे हे ओळखून मणी केसभर सरकविणे, हीच जुन्या घरांतील मुलांची पहिली शिकवणी होती. ती बंद झाली, आणि तंबोरे माळ्यावर गेले. काही भंगारात गेले; काहींच्या भोपळ्यांत दिवे लावून त्यांची शोभेची वस्तू केली गेली.

म्हणून वाचकांस आमची एक विनंती आहे. आपल्या घरी, काकांकडे, आत्याबाईंच्या माळ्यावर जुना तंबोरा असेल तर तो प्रथम खाली काढावा. दांडी सरळ असेल तर त्याला कामातून गेलेला समजू नये; तडे, सांधे, खुंट्या, घोडी हे सर्व दुरुस्त होण्याजोगे आहे. घरच्या जाणत्या व्यक्तीने दांडीखाली वा भोपळ्याच्या आत एखादी चिठ्ठी, खूण वा कारागिराचे नाव आढळल्यास टिपून ठेवावे. तीच आपल्या स्थलांतराच्या इतिहासाची साधने होत. अशा वाद्यांची एक यादी मंडळाने करावी. वाद्ये पुरेशा संख्येने जमल्यास दरवर्षी दसऱ्यानंतर, हवा कोरडी पण उन्हाचा ताप नसलेली असताना, मिरजेच्या कारागिरास चार-आठ दिवस उज्जैनला बोलवावे. खर्च सर्वांत वाटला गेला तर एकेका घरास जड जाणार नाही. आणि तो जवारी काढीत असताना घरातील एका तरी मुलाने वा मुलीने शेजारी बसून ऐकावे, एवढी अट मात्र आम्ही घालू इच्छितो.