लाल फितीचा सुतार

अरण्यरक्षणाचा इतिहास बहुधा कुऱ्हाड थांबवण्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कायदा झाला, तोड थांबली, वन वाचले, असा सरळ क्रम आपण गृहीत धरतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातील एका लहानशा सुतारपक्ष्याची हकीकत मात्र या क्रमात बसत नाही. कायदा होऊनही हा पक्षी कित्येक वर्षे घटतच राहिला. पुढे सावरला तो माणसाने रानात जाणीवपूर्वक हात घातला तेव्हाच. शासनसेवेत उमेदीची वर्षे घालवलेल्या आम्हांस ही हकीकत म्हणूनच विचारणीय वाटते.

काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा, पांढऱ्या गालांचा हा पक्षी जेमतेम वीत-सव्वा वीत लांबीचा. नराच्या डोक्याच्या बाजूस तांबड्या पिसांची एक बारीक रेघ असते. ती सहजी दिसतही नाही. त्या काळी टोपीवर रंगीत फितीचा तुरा खोवण्याची रीत होती. तिच्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पक्षिशास्त्रज्ञ अलेक्झांडर विल्सन याने त्यास ‘लाल फितीचा’ असे नाव दिले. सरकारी लालफीतही पुढे त्याच्या नशिबी यायची आहे, हे विल्सनला कोठून ठाऊक असणार!

इतर सुतारपक्षी सहसा वाळल्या लाकडात ढोली कोरतात. हा मात्र केवळ जिवंत पाइनवृक्षातच कोरतो आणि एकेका ढोलीस त्याला वर्षानुवर्षे लागतात. त्यासाठी वृक्षही जुना हवा, कारण वार्धक्यात बुरशी लागून गाभा मऊ झाला म्हणजेच त्याची चोच आत शिरते. ढोलीभोवती तो लहान लहान छिद्रे पाडतो. त्यांतून राळ झिरपत राहते आणि त्या चिकट वेढ्यामुळे झाडावर चढणारे साप दूर राहतात. ढोली ही अशी कष्टाची मिळकत असल्यामुळे पुष्कळदा मुलगे घर सोडीत नाहीत; आईबापांच्या पुढच्या पिल्लांना चारा भरवीत तेथेच राहतात. आपल्याकडील एकत्र कुटुंबाचीच ही रीत!

या पक्ष्याचे मुख्य घर म्हणजे लाँगलीफ पाइनची विरळ, उजेडाची राने. व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत ती एके काळी सुमारे ९ कोटी एकरांवर पसरली होती. राळ आणि टर्पेंटाइन काढण्यासाठी झाडांना खाचा पडल्या, मागोमाग रेल्वे आणि लाकूडगिरण्या आल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांतील सुमारे ३० लाख एकरच उरले होते. नव्या लागवडी झाल्या त्या बहुतांशी लवकर वाढणाऱ्या पाइनच्या; ती झाडे म्हातारी होण्याआधीच कापली जात.

त्यात आणखी एक अनर्थ सद्‌हेतूने झाला. वणवा म्हणजे विनाश, असे मानून सरकारने आग विझवण्याचा चंग बांधला. वस्तुतः हे रान आगीवरच पोसलेले. विजेने लागलेल्या आणि मूळ रहिवाशांनी लावलेल्या आगी दर काही वर्षांनी खालचे झुडूप जाळीत. जाड सालीचा पाइन तगून राही. आग थांबताच ओक आणि इतर झाडे ढोल्यांच्या उंचीपर्यंत वाढली आणि पक्ष्यांनी घरे सोडली. जॉर्जिया-फ्लोरिडाच्या सीमेवर काम करणाऱ्या हर्बर्ट स्टॉडर्ड याने १९३१ साली लाव्यांवरील आपल्या ग्रंथात आगीचा पक्ष घेतला होता; पण तो विचार रूढ होण्यास फार काळ जावा लागला.

१९७० मध्ये या पक्ष्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली आणि १९७३ च्या कायद्याने त्यास संरक्षण दिले. त्या दशकाच्या अखेरीस त्याच्या अंदाजे १,४७० वसती उरल्या होत्या. परंतु कायद्याचा एक विपरीत परिणामही झाला. आपल्या जमिनीत पक्षी उतरला तर झाडतोडीवर बंदी येईल, या भयाने काही खाजगी मालकांनी झाडे जुनी होण्याआधीच तोडली. डीन ल्यूक आणि जेफ्री मायकेल या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील नोंदींवरून हे दाखवून दिले. नियम चोख, हेतू शुद्ध आणि फळ उलटे! कारभाराशी ज्यांचा संबंध आला त्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही.

सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो नावाचे चक्रीवादळ साउथ कॅरोलायनातील फ्रान्सिस मॅरियन वनावर आदळले. एका रात्रीत तेथील ढोल्यांचे सुमारे ८७ टक्के वृक्ष कोसळले आणि निम्म्याहून अधिक पक्षी नाहीसे झाले. नव्या ढोल्या कोरण्याइतका अवधी वाचलेल्यांपाशी नव्हता. तेव्हा वनकर्मचाऱ्यांनी उभ्या झाडांत यंत्राने ढोल्या पाडल्या, खाचा करून लाकडी घरकुले बसवली. पक्ष्याचे काही वर्षांचे काम काही तासांत होऊ लागले, आणि पक्ष्यांनीही ही घरे स्वीकारली.

नॉर्थ कॅरोलायनातील फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावरही संघर्ष झाला. सरावामुळे पक्ष्याचे अस्तित्व धोक्यात येते, असे मत वन्यजीव खात्याने १९९० मध्ये दिले आणि सरावावर निर्बंध आले. गंमत अशी, की तोफगोळ्यांनी लागणाऱ्या आगींमुळेच तेथील रान मोकळे राहिले होते. पुढे लष्कराने नियमित जाळ आणि कृत्रिम ढोल्यांचे काम हाती घेतले. २००६ मध्ये तेथील पक्षिसमूह सावरल्याचे जाहीर झाले.

याच सँडहिल्स टापूत १९९५ मध्ये ‘सेफ हार्बर’ नावाचा करार सुरू झाला. करारसमयी जमिनीवर जितके पक्षिगट असतील तितके मालकाने राखावेत आणि रानाची निगा ठेवावी. त्यामुळे अधिक पक्षी आले, तर नवे बंधन येणार नाही. गोल्फसाठी प्रसिद्ध असलेल्या पाइनहर्स्टने आरंभीच त्यात भाग घेतला. ज्या पाहुण्याचे भय वाटत होते, त्याला आता निर्धास्तपणे दार उघडता येऊ लागले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये या पक्ष्याची श्रेणी ‘संकटग्रस्त’वरून एक पायरी सौम्य करण्यात आली. तेव्हा ११ राज्यांत मिळून सुमारे ७,८०० वसती होत्या. काही निसर्गप्रेमींना हा निर्णय घाईचा वाटला, आणि त्यांची शंका निराधार म्हणता येत नाही. जाळ घालणारे, ढोल्या बसवणारे, पक्षी एका वनातून दुसऱ्या वनात नेणारे हात थांबले, तर पाइनखालचे झुडूप पुन्हा वाढेल. आज लावलेले रोप पक्ष्याच्या उपयोगी पडायला पाऊण शतक तरी हवे. अंदाजपत्रक मात्र वर्षाचे असते.

म्हणून आम्हांस वाटते, की एखाद्या जीवाचे नाव यादीत घालणे किंवा यादीतून काढणे यात त्याचा इतिहास संपत नाही. कायद्याने कुऱ्हाड थांबते. पण जुने झाड, मोकळे रान आणि निर्धास्त शेजारी हे त्याला नुसत्या कलमांनी मिळत नाहीत. ते पिढ्यांच्या निगराणीने मिळवावे लागते, आणि ही निगराणी दर वर्षी नव्याने करावी लागते.