कणकेचा गोळा

आमच्या घरी पोळ्यांची कणीक मळून झाली की लिंबाएवढा एक गोळा वेगळा निघतो आणि ओल्या फडक्याखाली जाऊन बसतो. मिरजेच्या घरी तो अण्णांसाठी, म्हणजे माझ्या आजोबांसाठी निघायचा. आता मोहालीत, सेक्टर 67 मध्ये, माझ्यासाठी निघतो. अण्णा पोस्टात नोकरीला होते आणि संध्याकाळी भजनात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कायमची शाई नसते. वाजवायला बसताना तिथे ओली कणीक थापायची, चिमूटभर काढत-घालत आवाज हवा तेवढा खाली आणायचा आणि भजन संपलं की सगळी खरवडून टाकायची. टाकायची म्हणजे केरात नाही. अण्णा ती तुळशीच्या कट्ट्यावर चिमण्यांसाठी ठेवत. ‘तासभर आपल्यासाठी घुमली ती,’ एवढंच म्हणत.

मी तबलावादक. ‘तबलजी’ म्हटलेलं मला आवडत नाही आणि तरीही आयुष्यातला निम्मा वेळ मला तेच म्हटलं गेलंय. बायकोला इथल्या औषधनिर्माण संशोधन संस्थेत, ‘नायपर’मध्ये, नोकरी लागली आणि आम्ही अकरा वर्षांपूर्वी बिऱ्हाड उचललं. पत्ता सांगताना मिरजेतले लोक अजून चंदीगडच म्हणतात. सेक्टरच्या आकड्यांची ही माळ निघते चंदीगडमधून, पण मधली हद्द न जुमानता पंजाबच्या मोहालीत उतरते. चंदीगडच्या आराखड्यात कित्येक वर्षं 13 नंबरचा सेक्टरच नव्हता. तालातली एक मात्रा कुणीतरी गिळावी तसं मला सुरुवातीला वाटायचं.

इथे माझं पोट चालतं ते असं: सकाळी रियाज, शनिवार-रविवारी घरी शिकवण्या, आठवड्यातून तीन दिवस कथकच्या एका क्लासला ठेका, कधी गझलेची मैफल, कधी देवीचा जगराता, लग्नाच्या मोसमात जे येईल ते. एकल वादन वर्षातून एखादं. बाकी सगळी साथ. साथीदाराचा कार्यक्रम गायकाआधी तासभर सुरू होतो आणि गायकानंतर तासभर संपतो. उन्हाळ्यात इथली कोरडी हवा पुडी अशी ताणते की स्वर आपोआप चढतो. पावसाळ्यात तीच पुडी रुसून खाली बसते. म्हणून हातोडी कायम हाताशी. आभारप्रदर्शनाच्या वेळी मी बहुतेक वेळा ती पिशवीत शोधत असतो. एका ठिकाणी तर निवेदकाने हार्मोनिअमवाल्याचं नाव मला दिलं आणि माझं कुणालाच दिलं नाही. मानधनाचं पाकीट मात्र बरोबर होतं, त्यामुळे मी विशेष मनाला लावून घेतलं नाही.

अशा रात्री घरी येताना अण्णांची लाहोरची गोष्ट आठवते. अण्णा स्वतः लाहोरला कधी गेले नव्हते. पण मिरजेत लाहोर दाराशी असल्यासारखं बोललं जायचं, कारण विष्णु दिगंबर पलुस्कर. कुरुंदवाडचा मुलगा, फटाक्याने डोळे अधू झालेला, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकला, 1896 मध्ये गुरुगृह सोडून उत्तरेकडे निघाला आणि 5 मे 1901 रोजी लाहोरात त्याने गांधर्व महाविद्यालय उघडलं. राजाच्या मेहेरबानीवर नाही, लोकांच्या वर्गणीवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर. शाळा उघडली, पण पहिले काही दिवस विद्यार्थीच येईनात. अण्णा इथे थांबत, सुपारी कातरत. मग सांगत की पलुस्करबुवा ठरलेल्या वेळी वर्गात जायचे, तंबोरे जुळवायचे आणि रिकाम्या खोलीत एकटेच गात बसायचे. कुणीतरी विचारलं, बुवा, हे काय? तर म्हणाले, शाळेची वेळ झाली आहे.

ही गोष्ट अण्णांनी कुठून आणली हे मी कधी विचारलं नाही. बुवा मिरजेतच वारले, 21 ऑगस्ट 1931 ला. अण्णांचा जन्म 1922 चा, म्हणजे तेव्हा नऊ वर्षांचे. तरी ‘बुवांना मी पाहिलंय’ हे वाक्य ते असं म्हणत की पुढे काही विचारायची सोय नसे. आजी आतून म्हणायची, ‘पाठमोरं पाहिलं असेल.’ पण बुवांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलताना आजीचाही आवाज उतरायचा. मुंबईत बांधलेली विद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली, बुवा रामनामात रमले, नाशिकला राहिले. अण्णांच्या लेखी ही शोकांतिका नव्हतीच. ‘इमारत गेली. पोरं गेली का?’ असं म्हणून ते बोटं मोडून मोजत: ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर.

त्यातले विनायकराव खास. ते मिरजेचेच, 1898 सालचे. लहान वयात बुवांकडे लाहोरला शिकायला गेले. आणि त्यांच्यापाशी अण्णांची सर्वांत लाडकी गोष्ट सुरू व्हायची, कारण तिचा नायक अण्णांच्याच सालातला होता. गदगचा भीमसेन जोशी, गाण्याच्या वेडापायी 1933 मध्ये घरातून पळालेला, तिकिटाविना गाड्यांतून गात, ग्वाल्हेर वगैरे करत जालंधरला पोचला. तिथे मंगतराम नावाच्या अंध धृपदियाकडे शिकू लागला. जालंधरला देवी तलावाच्या काठी 1875 पासून हरिवल्लभ संगीत संमेलन भरतं. तिथे येणाऱ्या गवयांच्या मागे बसून हा मुलगा तंबोरा छेडायचा. विनायकरावांनी त्याला हेरलं आणि विचारलं, इतक्या लांब कशाला आलास? सवाई गंधर्व तुझ्या घराजवळच आहेत, परत जा. पुढे काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, म्हणून अण्णा ते सांगतच नसत. त्यांची गोष्ट तंबोऱ्याशी संपायची. ‘पाठीमागे बसलेल्याला बघणारा कुणीतरी लागतो,’ म्हणायचे आणि पखवाजाच्या वाद्या ओढायला लागायचे. पोस्टात आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं लावणाऱ्या माणसाला ही गोष्ट का आवडत असेल हे मला फार उशिरा कळलं.

इथे आल्यावर पहिल्याच डिसेंबरात मी जालंधर गाठलं. वर्षअखेरीचे ते दिवस, हाडं गोठवणारी थंडी, मांडवात घोंगड्या-रजया पांघरलेले लोक, शेंगांची टरफलं, चहाचे पेले. तिकीट नाही. रात्री दीडला कुणीतरी मारवा का गात नाही म्हणून शेजारचा शेतकरी चिडला होता. वेळेचं गणित त्याला मान्य नव्हतं. मी मात्र मंचाच्या मागच्या बाजूला पाहत होतो. तंबोऱ्यावर एक मुलगी होती, हातमोज्यांची बोटं कापून घातलेली. मी तिच्याकडे इतका वेळ पाहिलं की शेजाऱ्याने विचारलं, तुमची मुलगी आहे का?

शिकवण्यांतूनच मला दारजी भेटले. त्यांचा नातू माझ्याकडे तीनतालाचा कायदा शिकतो, म्हणजे शिकावा अशी घरच्यांची इच्छा आहे. दारजी त्याला सोडायला येतात, पगडी नीट करून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतात आणि नातवापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतात. एका रविवारी मी अण्णांच्या पखवाजावर कणीक थापत असताना ते आले आणि दारातच थांबले. ‘मास्टरजी, ये तो हमारा काम है।’

तेव्हा कळलं की ते जोडी वाजवतात. पंजाबच्या कीर्तनातली जोडी तबल्याची थोरली बहीण शोभेल अशी: उजवीकडे पुडा, डावीकडे धामा, आणि धाम्यावर शाईऐवजी ओला आटा. मी मिरजेची रीत म्हणून अभिमानाने सांगत होतो ती यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. मी त्यांना म्हटलं, आमचे नामदेव महाराज घुमानला तुमच्याकडे येऊन राहिले, तेव्हा कणीक घेऊनच आले असतील. दारजींना विनोद आवडला नाही. ते ‘भगत नामदेव जी’ म्हणतात आणि त्या नावापाशी थट्टा चालत नाही. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, प्रत्येकाच्या माथ्यावर राग लिहिलेला. दारजी ती लहानपणापासून वाजवत आले आहेत. मी पंढरपूरच्या वाटेवरच्या मुलखात वाढूनही मला त्यांतलं एकही येत नव्हतं. नंतर त्यांनी मला सोहाण्याच्या गुरुद्वाऱ्यात नेलं, पाठीमागे बसवलं आणि ऐकवलं. नामदेव दुसऱ्या बोलीत, दुसऱ्या चालीत. पण ठेका पडला की मान आपली आपण हलते.

त्यांची गोष्ट मी एकदाच ऐकली. 1947 साली ते आठ वर्षांचे. लाहोर जिल्ह्यातलं गाव सोडताना वडिलांनी बाकी सगळं ठेवून धामा डोक्यावर घेतला. पुडा मागे राहिला. का राहिला ते वडिलांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. कुरुक्षेत्रच्या छावणीत महिनोन् महिने धामा तंबूच्या कोपऱ्यात कोरडा पडून होता. मोजून मिळणारा आटा तोंडात घालायलाच पुरत नव्हता, चामड्यावर कुठला थापणार? पुढे जमिनीचा तुकडा मिळाला, पहिला गहू निघाला. त्या दिवशी आईने परातीतून एक गोळा काढला आणि न बोलता वडिलांच्या हातावर ठेवला. वडिलांनी तो थापला, एक थाप मारली आणि बाहेर निघून गेले. ‘आम्ही पंजाबात पोचलो,’ दारजी म्हणाले, ‘तो त्या दिवशी.’

मी त्यांना बुवांच्या रिकाम्या वर्गाची गोष्ट सांगितली. त्यांनी फक्त विचारलं, ‘लाहोर विच कित्थे?’ मला मोहल्ला सांगता आला नाही. अण्णांनाही आला नसता.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. शनिवार, नऊची बॅच. बाहेर असं धुकं की समोरच्या इमारतीचे दिवेसुद्धा दिसत नव्हते. मोबाइलवर एकामागून एक निरोप: आज येणार नाही, गाडी काढता येत नाही, सर्दी झाली. सहाच्या सहा जणांचे. बायको म्हणाली, झोप मग जरा. आदल्या रात्रीचा कार्यक्रम एक वाजता संपला होता आणि त्याचे पैसे ‘पुढच्या आठवड्यात’ होते. मी आडवा झालोही. मग नऊ वाजले. उठलो, सतरंजी टाकली, पखवाज घेतला. फडक्याखाली गोळा नव्हताच, त्या दिवशी उपमा होता.

कणकेशिवाय डावं तोंड म्हणजे रिकामा डबा. तरी लेहरा लावला आणि नुसत्या उजव्या हाताने चौताल धरला. पाच-सात आवर्तनं झाली असतील, बेल वाजली. दारजी. एकटेच, पगडीवर दवाचे थेंब, हातात स्टीलचा डबा. नातू झोपला आहे, म्हणाले, उठत नाही. मी चालत आलो. डब्यात आटा होता, मळलेला, अजून कोमट.

ते डावीकडे बसले, मी उजवीकडे. एकाच पखवाजावर दोघं. आमच्या गुरुजींनी पाहिलं असतं तर बाहेर काढलं असतं. दारजींनी चिमूट काढली, पुन्हा लावली, कान टेकवला, पुन्हा काढली. सम पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा त्यांची आणि माझी वेगवेगळ्या जागी आली, तिसऱ्यांदा जमली. मग किती वेळ गेला ते लेहऱ्यालाच ठाऊक.

संपल्यावर मी खरवडायची पट्टी शोधत होतो. दारजींनी अंगठ्यानेच कणीक गोळा केली, बाल्कनीत गेले आणि कठड्यावर तिचे बारीक तुकडे मांडू लागले. धुक्यात एक साळुंकी आली, बघून गेली, परत आली.

खाली स्कूटरचा हॉर्न वाजला. नऊच्या बॅचमधला एक जण आला होता, पाऊण तास उशिरा.